बास्केटबॉलमधील शारीरिक संपर्क आणि फाउल

बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला झालेला कोणता स्पर्श नियमबाह्य ठरवायचा, हा पंचाच्या निर्णयाचा भाग. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानावर दहा खेळाडू धावत असताना अंगाला अंग लागणारच. त्यामुळे ‘लागलं की फाउल’ हा प्रेक्षकांचा हिशेब नियमपुस्तकाला मान्य नाही. ती जागा कोणाच्या हक्काची होती आणि स्पर्शामुळे कोणाचे नुकसान झाले, हे पंचाला पाहावे लागते.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला. त्यांच्या तेरा नियमांपैकी पाचव्यात खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे आणि मारणे यांना मनाई होती. पहिल्या वेळी फाउल नोंदला जाई. दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. चेंडूचा निवाडा रेफरीकडे आणि माणसांचा अंपायरकडे, अशी विभागणीही त्यांनी तेव्हाच केली होती.

जागेचा हक्क ठरवण्यासाठी ‘फिबा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य दंडगोल मानते. पुढे तळहात, मागे नितंब आणि बाजूंना हात-पायांची बाहेरची कड ही त्याची सीमा. या दंडगोलातून सरळ वर उडी मारण्याचा हक्क बचावपटूला असतो. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील इंडियाना पेसर्स संघाच्या रॉय हिबर्टने २०१२-१३ च्या मोसमात याच हक्काचे शस्त्र केले : हात उभे ठेवून तो सरळ वर झेपावे, आक्रमक त्याच्या छातीवर आदळे आणि शिटी वाजत नसे. तेच हात पुढे झुकले असते, तर फाउल त्याच्या नावावर लागला असता.

सर्वांत जास्त वाद होतात ते ‘ब्लॉक की चार्ज’ यावर. बचावपटूने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून प्रतिस्पर्ध्याकडे तोंड केले, की त्याला वैध स्थान मिळते. त्यानंतर तो पुतळ्यासारखा उभा राहिला पाहिजे, असे मुळीच नाही. बाजूला किंवा मागे सरकत असताना छातीवर धडक बसली, तरी सहसा दोष आक्रमकाचाच, म्हणजे चार्ज. मात्र आक्रमकाने जमीन सोडल्यावर त्याच्या वाटेत शिरणे हा ब्लॉक. बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते. त्यात उभ्या असलेल्या बचावपटूवर हवेतला आक्रमक आदळला, तर एरवी चार्ज दिला जात नाही.

हक्काइतकेच महत्त्व परिणामाला. ड्रिबल करणाऱ्याच्या हाताला ओझरता स्पर्श झाला आणि तो आपल्या वेगाने पुढे निसटला, तर पंच खेळ थांबवत नाही. तेवढाच स्पर्श चेंडू फेकताना मनगटाला झाला आणि नेम ढळला, तर फाउल. फिबाच्या नियमांतही किरकोळ, कोणालाच फायदा न देणाऱ्या स्पर्शासाठी खेळाचा ओघ तोडू नये, अशी सूचना आहे. फिबाच्या सामन्यांत पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो; एनबीएमध्ये सहा.

स्पर्शाची मर्यादा काळानुसार बदलतेही. चेंडूवाल्याला हाताने रोखून धरण्यावरील बंदीचा एनबीएने २००४-०५ पासून कडक अंमल केला आणि चपळ गार्डांना बास्केटकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

व्हिडिओमुळेही मतभेद संपले नाहीत. ३१ मे २०१८ रोजी एनबीए अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात क्लीव्हलँड दोन गुणांनी पुढे असताना, गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरांट लेब्रॉन जेम्सवर आदळला. पंचांनी चार्ज दिला. मग जेम्स अर्धवर्तुळाच्या आत होता का, हे चित्रफितीवर तपासले गेले. तो बाहेरच होता. तरीही त्याचे वैध स्थान वेळेत झाले नव्हते, असे ठरवून निर्णय ब्लॉकमध्ये बदलला. ड्युरांटने दोन्ही फ्री थ्रो टाकून १०४-१०४ अशी बरोबरी साधली आणि जादा वेळेत गोल्डन स्टेट १२४-११४ ने जिंकले.