वाळकेश्वरची टेकडी

शाळेची सहल मुंबईला गेली की राणीची बाग, गेटवे आणि संध्याकाळी 'म्हातारीचा बूट' हा क्रम ठरलेलाच. हा बूट 1952 साली सुरू झालेल्या कमला नेहरू उद्यानात, मलबार हिलवर आहे. मुले बुटापाशी फोटो काढतात, चौपाटीचा देखावा बघतात आणि बस खाली उतरते. शिक्षकमंडळींना माझे सांगणे असे की, बुटापाशी थांबू नका. या टेकडीला अर्धा दिवस द्या. "तिथे मंत्र्यांचे बंगले आणि शेठ लोकांची घरे, आपले काय काम?" असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. शेठ लोकांच्या आधी कित्येक शतके आपल्यासारखीच माणसे ही टेकडी चढत होती.

ती चढत होती वाळकेश्वरासाठी. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने इथे वाळूचे लिंग केले, म्हणून वाळुकेश्वर. आणि तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढले, ती बाणगंगा, अशी कथा. कथा बाजूला ठेवली तरी पाणी खरेच आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्यात झऱ्याचे गोडे पाणी! चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठाला देवळे, दीपमाळा, मठ. सर्वपित्री अमावास्येला आजही इथे तर्पणासाठी गर्दी लोटते. जुने देऊळ शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले मानतात. ते पोर्तुगीज अमदानीत पडले आणि 1715 च्या सुमारास पुन्हा उभे राहिले, ते रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने उभे केले.

या रामा कामतीची हकीकत मुलांना जरूर सांगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतला हा मोठा माणूस. 1718 च्या नाताळात कोटातले इंग्रजांचे देऊळ उघडले, तेव्हा आपल्या जातभाईंना घेऊन हा सोहळा बघायला हजर होता. इतकी घसट! पण दोनच वर्षांनी, 1720 साली, कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. खटला झाला, मालमत्ता जप्त झाली, आणि 1728 साली तो कैदेतच वारला. ज्या पत्रांवर शिक्षा झाली ती बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. मागाहून! बाणगंगेच्या काठी उभे राहिलात तर या माणसाची आठवण काढा.

श्रीमंत वस्ती त्यानंतरची. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना त्याने टेकडीच्या टोकाला, समुद्राकाठी बंगला बांधला; पण सरकारी मोठे निवासस्थान परळलाच होते. तिथे 1882 साली गव्हर्नर फर्ग्युसनच्या पत्नीला पटकीने मरण आले आणि पुढे गव्हर्नरांनी मुक्काम कायमचा टेकडीवर हलवला. 1896 साली प्लेग आला. खाली चाळीत माणसे मरत होती. ज्यांना परवडत होते ते मोकळ्या हवेकडे निघाले. परळच्या रिकाम्या वाड्यात 1899 साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा गेली. म्हणजे साहेबाने सोडलेल्या घरात लस तयार होऊ लागली. टेकडीवरची ती गर्द झाडी बघताना हेही ध्यानात असावे, की सावली आणि वारा यांचीही त्या काळी किंमत पडत होती, आणि ती सगळ्यांच्या खिशाला झेपणारी नव्हती.

आता बुटासमोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानाकडे वळा. लोक याला हँगिंग गार्डन म्हणतात. हिरवळीखाली पाण्याचा जुना, प्रचंड जलाशय आहे. तो नव्याने बांधायचा तर 389 झाडांवर गदा येणार म्हणून 2023 साली इथल्या रहिवाशांनी मोठा विरोध केला. झाडांसाठी भांडले, चांगलेच झाले. पण मुलांना एक विचारा: या टेकडीचे स्वतःचे पाणी बाणगंगेत, मग नळाला येते ते कुठले? मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. तानसा 1892 सालचे. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट बघतात! तुमच्यापैकी कुणी तिकडचे असतील, तर त्यांना मी काय सांगणार?

शेजारीच पारशांची डोंगरवाडी. आत इतरांना प्रवेश नाही, बाहेरूनच मान द्यावा. पारशी मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत. पण 1990 नंतर गिधाडेच नाहीशी होत गेली. 2004 साली कारण सापडले: डायक्लोफिनॅक, गुरांच्या दुखण्यावरचे औषध. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गावच्या गोठ्यातली सुई अशी थेट मलबार हिलपर्यंत पोचली.

वेळ उरला तर 2025 साली खुली झालेली झाडीतली उंच लाकडी पायवाट चाला. सुमारे 485 मीटर, तिकीट काढावे लागते. मग खाली गवालिया तलावाकडे उतरा. तलाव बुजून तिथे मैदान झाले आहे. 8 ऑगस्ट 1942 ला 'चले जाव'चा ठराव झाला तो इथेच. नाव मात्र इथे गुरे पाण्यावर आणणाऱ्या गवळ्यांचे. तिथून गावदेवीचे मणिभवन पायी जाण्यासारखे आहे. गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईला आले की तिथे उतरत. संध्याकाळी फार उशिरा जाऊ नका, दार बंद सापडेल.