मानवी सेवा

अडचणीत सापडलेल्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला सावरण्यासाठी शासन, स्थानिक संस्था व स्वयंसेवी संघटना जे साहाय्य पुरवतात, त्याचे एकत्रित नाव. ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ ही संज्ञा अमेरिकेत रुळली. अन्नसाहाय्य, निवारा, बालसंगोपन, व्यसनमुक्ती, मानसिक आरोग्य, वृद्धांची देखभाल, रोजगार-प्रशिक्षण हे सारे तिच्यात येते. समाजकार्य हा त्यातला एक व्यवसाय. क्षेत्र त्याहून बरेच विस्तृत.

काम संज्ञेपेक्षा जुने आहे. जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत ‘हल हाउस’ सुरू केले आणि स्वतः तिथेच राहायला गेल्या. त्याच परंपरेतले नागपाडा नेबरहुड हाउस अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत चालवले. १९३६ मध्ये निघालेल्या, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजकार्य विद्यालयाचे तेच पहिले संचालक.

संज्ञेला बळ मिळाले ते अमेरिकेत, १९६०च्या दशकात. १९६३च्या कायद्याने मनोरुग्णांवरील उपचार मोठ्या इस्पितळांतून वस्तीपातळीवर आणण्याचे ठरले. १९६४ मध्ये दारिद्र्यनिर्मूलनाचा कायदा झाला. योजना वाढल्या, तशी प्रत्येकीची कचेरी, अर्ज आणि पात्रतेची अट वेगळी झाली. नोकरी गेलेल्या, घरभाडे थकलेल्या आणि मूल आजारी असलेल्या आईला तीन दारे ठोठवावी लागत. तिची अडचण मात्र एकच असे. माणसाचा प्रश्न खात्यांनुसार कापू नये, हा या संज्ञेमागचा सर्वांत मोलाचा विचार. आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री एलियट रिचर्डसन यांनी सेवांच्या एकत्रीकरणाचा आग्रह धरला. त्यासाठी १९७२ मध्ये मांडलेले विधेयक मात्र संमत झाले नाही. त्याच सुमारास एका विषयातल्या तज्ज्ञाऐवजी अनेक गरजांची जाण असलेले कार्यकर्ते घडवणारे महाविद्यालयीन अभ्यासक्रमही सुरू झाले.

१९७९च्या कायद्याने शिक्षण खाते वेगळे झाले आणि ४ मे १९८० पासून उरलेल्या खात्याला ‘आरोग्य व मानवी सेवा’ हे नाव मिळाले. ‘कल्याण’ हा शब्द गळाला. अमेरिकी राजकारणात तो गरिबांना हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला होता, तेव्हा तो गेला हे चांगलेच झाले; पण नाव बदलल्याने कचेऱ्या एक झाल्या नाहीत.

महाराष्ट्राच्या प्रशासनात ही संज्ञा रुळलेली नाही. सामाजिक न्याय, महिला व बालविकास, दिव्यांग कल्याण अशा स्वतंत्र विभागांकडे या सेवा विभागलेल्या आहेत.