खोडदच्या डिश, कल्याणचा रस्ता आणि आमची हार्ड डिस्क

तर झालं असं, की राजुरीच्या घरी मी मोठ्या हौसेने राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला एक टेराबाइटची हार्ड डिस्क लावून ठेवली होती. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, जुन्या फोटोंचे स्कॅन, सातबाऱ्याच्या नकला, सगळं एका जागी असावं आणि घरातल्या कुणालाही फोनवरून बघता यावं, एवढाच हेतू. आजी आता नाही. ओव्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. (हो, माहितीये. ऑफिसात लोकांना बॅकअपचं लेक्चर देणारा मीच तो.)

पुढच्या खेपेला गेलो तर काकांची तक्रार तयार. "तुझा तो डबा लावल्यापासून नेट चालत नाय. टॉवर फुल्ल दिसतोय, पण काय उघडंल तर शपथ!" ओवी लावली तर मध्येच थांबायची. माझ्या पोटात गोळा. म्हटलं, संपलं, डिस्क गेली.

पहिला दिवस चुकीच्या संशयात घालवला. केबल बदलली. डिस्कला वीज कमी पडते का पाहिलं, कारण यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलीअँपियर देतो, 3.0 चा 900, आणि स्वस्तातल्या अडॅप्टरवर चालणारा राउटर तेवढं देईलच असं नाही. अडॅप्टर चांगलाच निघाला. डिस्क थेट लॅपटॉपला जोडून तपासली, ठणठणीत. मग राउटर आणि लॅपटॉपमध्ये लॅनची वायर टाकली आणि तीच फोल्डर राउटरमधूनच कॉपी केली. एकदाही न अडखळता आली! म्हणजे डिस्क ठीक, पोर्ट ठीक, राउटरमधलं शेअरिंगही ठीक. हवेतच काहीतरी बिघडत होतं. आणि डिस्कची केबल उपटली की काकांचा फोन लगेच पळायला लागायचा.

आता थोडा इतिहास, कारण उत्तर तिथे आहे. आणि गंमत म्हणजे तो आमच्याच रस्त्यावरून जातो.

आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघालं की राजुरी लागते. तोच रस्ता उलटीकडे माळशेज उतरून कल्याणला जातो. या कल्याणजवळ 1965 साली गोविंद स्वरूप यांनी एक रेडिओ दुर्बीण उभी केली. तिच्या सहा फुटी 32 डिश ऑस्ट्रेलियातून आल्या होत्या. 1953 मध्ये स्वरूप सिडनीला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत शिकायला गेले, तिथे पॉट्स हिलला सूर्याचा अभ्यास करणाऱ्या या डिश त्यांनी पाहिल्या. त्या तिथे नकोशा होणार हे कळल्यावर "मग आम्हाला द्या" म्हणाले. आणि त्यांनी दिल्या! पुढे 1970 मध्ये उटीची दुर्बीण झाली, आणि नव्वदच्या दशकात आमच्या शेजारी खोडदला जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या 14 मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या 16 तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. पूर्ण पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणायची, म्हणजे वजन कमी, वारा आरपार आणि खर्चही आटोक्यात, ही स्वरूप यांचीच युक्ती. 2020 मध्ये ते गेले.

ही जागा का निवडली? शांतता. कानाला ऐकू येणारी नव्हे, रेडिओची. शहरांपासून लांब, आजूबाजूला डोंगरांची आडोशी. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की जवळचा एक मोबाइलसुद्धा त्याच्यापुढे ढोल बडवल्यासारखा. म्हणून तिथे गेलं की फोन बंद करायला सांगतात. शाळेच्या सहलीत कळलेलं हे वाक्य माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही उपयोगी पडलं नाही :)

दुसरा धागाही सीएसआयआरओचाच. स्टीफन हॉकिंग यांनी 1974 मध्ये कृष्णविवरं विरत जाऊन शेवटी स्फोट पावू शकतात असं मांडलं. जॉन ओसलिव्हन हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर 1977 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये त्या स्फोटांचे रेडिओ सिग्नल शोधत होता. सापडलं काहीच नाही. पण विस्कटलेला सिग्नल गणिताने पुन्हा सांधायची त्याची तयारी झाली. नव्वदच्या सुरुवातीला सीएसआयआरओत त्याच्या गटापुढे घरातल्या वायरलेसचा प्रश्न आला. लहरी भिंतींवर आपटून मागेपुढे पोचतात आणि सगळा गोंधळ होतो. तीच विद्या इथे लावली, 1996 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, आणि पुढे खटले चालवून संस्थेने मोठ्या कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर वसूल केले. वायफायचे बाप अनेक आहेत, सगळं श्रेय यांना देणं मला पटत नाही. पण रेडिओ खगोलशास्त्राचा त्यात वाटा आहे, एवढं नक्की.

आता डिस्क. यूएसबी 3.0 आलं 2008 मध्ये, वेग सेकंदाला 5 गिगाबिट. एवढ्या वेगाने वायरीतून बिट धावले की आजूबाजूला रेडिओचा गोंगाट पसरतो, आणि त्याचा बराचसा भाग नेमका 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. जुनं वायफाय बोलतं तिथेच. भारतात 2005 पासून विनापरवाना वापरायला मोकळा असलेला हाच तो पट्टा. 2012 मध्ये इंटेलने स्वतः मोजमापं छापली: यूएसबी 3.0 डिस्क जोडली की तिथला गोंगाट 20 डेसिबलपर्यंत वाढू शकतो. म्हणजे शंभर पट.

आणि टॉवर फुल्ल का, तेही इथेच उलगडलं. फोनच्या पट्ट्या सांगतात की राउटर फोनला किती ऐकू येतो. फोन राउटरला ऐकू येतो का, हे त्या सांगतच नाहीत. आमची डिस्क राउटरच्या डोक्यावर, अँटेनाला चिकटून ठेवलेली. मागच्या खोलीतल्या फोनचं क्षीण बोलणं राउटरच्या कानाशी चाललेल्या बडबडीत बुडून जात होतं. खोडदला जे टाळायला माणसं डोंगराआड गेली, तेच मी हॉलमध्ये सेंटर टेबलवर मांडून ठेवलं होतं.

उपाय पाच मिनिटांचा. जाड शील्डिंगची मीटरभर केबल घेऊन डिस्क खालच्या कप्प्यात टाकली. बरंच सुधारलं, पण मागच्या खोलीत अजून अडकत होतं. मग राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी 3.0 ऐवजी 2.0 वर चालवण्याचा पर्याय सापडला, तो निवडला. वेग 480 मेगाबिटवर आला, पण आमचं वायफाय तेवढंही देत नाही, त्यामुळे फरक कुणाला कळला नाही. 5 गिगाहर्ट्झवर जाणं हाही मार्ग होता, पण काकांच्या फोनला तो पट्टा माहीतच नाही.

रात्री सगळ्या ओव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, पुण्याला नेऊन आणखी एका डिस्कवर टाकल्या. काकांनी मागच्या खोलीत बसून पहिली ओवी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "मधी कोंबडा आरवतोय बघ, तो आपलाच."