पाळकाचा रविवार

रविवार हा विश्रांतीचा वार, असे आपण सारेच मानतो. मुंबईच्या गिरणीकामगारांस ही विश्रांती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली लाभली, हे वाचकांस विदित आहेच. परंतु ज्याचे सारे काम नेमके याच वारावर येऊन पडते, असा एक गृहस्थ आपल्या शेजारीच नांदत असतो. तो म्हणजे लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक.

सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने तेथे ठाणे घातले. पटवर्धनांच्या सांगलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन १८८४ साली आले. मिशने दोन, राज्येही दोन. प्रश्न मात्र दोहोंकडे एकच उभा राहिला. पाळकाच्या पोटाची तरतूद कोणी करावी? १८५४ साली अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीने आपला पाळक आपणच पोसावा, आपला कारभार आपणच पाहावा, हा विचार त्या सुमारास बळावत होता. विचार रास्त खरा; पण ज्या मंडळीत बहुतेक जण मोलमजुरी करून पोट भरणारे, तिने तो आचरावा कसा?

या प्रश्नाचे उत्तर अशा पाळकाच्या साध्या रविवारात दिसते. सकाळी घंटा होते. मुलांची रविवारची शाळा आटोपते, मग उपासना. पेटी व तबला यांच्या साथीवर गीते होतात, शास्त्रपाठ होतो, उपदेश होतो. दानार्पणाच्या वेळी कोणी नाणे टाकते, कोणी पदरात बांधून आणलेले पसाभर जोंधळे ठेवते. रोज भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी त्यातली एक मूठ बाजूस काढून ठेवणारी माउलीही असते. आशीर्वादवचन म्हणून पाळक दाराशी उभा राहतो. तेथे कोणाचा मुलगा तापाने फणफणलेला असतो, तर कोणा दोघा भावांचे बांधावरून बोलणे बंद असते. दुपारी जवळच्या वस्तीवर दुसरी उपासना, वाटेत एखाद्या आजाऱ्याची विचारपूस; घरी पोहोचेतो दिवेलागण होते.

आमच्या मते खरी कसोटी उपदेशाच्या वेळी लागते. सकाळी ज्याने मूठभर धान्य दिले, त्याच्याच दारूवर वा भाऊबंदकीवर बोट ठेवावयाचे असते. परक्याच्या पगारावर राहिले तर मंडळी आपली होत नाही. मंडळीच्या धान्यावर राहिले तर जीभ अडखळते. ही अडचण केवळ ख्रिस्ती पाळकाची नव्हे. ज्या गावाचा शिधा घ्यावा त्याच गावास शहाणपण सांगावे लागणाऱ्या प्रत्येक कीर्तनकाराची, पंतोजीची ती अडचण आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हा पेच आपल्या परीने तोडला. १९१७ साली मिशनची चाकरी व तिचा पगार सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस तेथे सारखाच प्रवेश होता. हा प्रयोग रुजण्यास अवधी मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. पगार सोडण्याचा निश्चय एकट्याने करता येतो. चूल मात्र दुसऱ्या कोणास तरी पेटवावी लागते. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच पाळकाच्या रविवाराचा इतिहास लिहिणाऱ्याने देवळाबरोबर त्याचे स्वयंपाकघरही पाहिले पाहिजे. उपासनेनंतर अवचित आलेल्या दोन पाहुण्यांस पानावर बसवून पाळकीणबाई उरलेले पीठ हाताने चाचपते. मिशनांच्या अहवालांत मंडळीची वाढ आकड्यांनी मोजली जाई. आमच्या समजुतीप्रमाणे त्या वाढीचे एक माप या पिठाच्या डब्यातही होते. तो डबा कोण भरते, यावरून मंडळी कोणाची हे कळत असे. आणि तो रिता असतानाही दारात आलेला माणूस उपाशी परतला नाही, यावरून पाळक कसा आहे हे कळत असे.