प्रवासी आसनांचे घडीचे लेगरेस्ट व फुटरेस्ट

रेल्वे, बस व विमान यांतील आसनांना जोडलेला आणि नको तेव्हा मिटवून ठेवता येणारा पायांचा आधार. आसनाच्या पुढच्या कडेखालून वर येऊन पोटऱ्यांना टेकू देणारी गादी म्हणजे लेगरेस्ट. बसच्या धंद्यात तिला ‘काफ सपोर्ट’ असेही म्हणतात. तळपाय टेकवण्यासाठी बहुधा पुढच्या आसनाच्या पाठीमागे बसवलेली पट्टी किंवा दांडी म्हणजे फुटरेस्ट. लेगरेस्ट पायांचा भार पेलते, तर फुटरेस्ट पाय टेकवण्याची जागा वर आणते. त्यामुळे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

शारीरिक गरज : आसनाची उंची ठरलेली असते, बसणाऱ्यांची उंची मात्र वेगवेगळी असते. आसन जमिनीपासून सामान्यतः ४३ ते ४५ सेंमी. उंच असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी. असल्याने अशा आसनावर पाठ टेकून बसल्यास अनेकींची टाच जमिनीला लागत नाही. पाय लोंबकळले की आसनाची कड गुडघ्याच्या लवणीजवळ रुतते आणि पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यास अडथळा येतो. कड टाळण्यासाठी पुढे सरकले, तर कंबरेचा आधार सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मुळात हा धोका कमी, म्हणजे सुमारे ६,००० प्रवाशांत एक इतका आहे. तो वाढवणाऱ्या कारणांत १९० सेंमी.पेक्षा जास्त उंचीबरोबरच १६० सेंमी.पेक्षा कमी उंचीचाही समावेश आहे. अधूनमधून उठून चालणे आणि घोटे हलवणे यांना पर्याय नाही. तरीही ठेंगण्या प्रवाशासाठी फुटरेस्ट ही चैन ठरत नाही, ती आसनाच्या ठराविक उंचीवरची आवश्यक दुरुस्ती आहे.

इतिहास : प्रवाशांची प्रत्यक्ष मापे घेऊन आसन बेतण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांनी हेवूड-वेकफील्ड या आसननिर्मात्या कंपनीसाठी रेल्वेस्थानकांवर हजारो स्त्री-पुरुषांची मापे घेतली. त्यांचा अहवाल १९४५ मध्ये निघाला. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या गाड्यांत पुढे लेगरेस्टची आसने रुळली. अ‍ॅमट्रॅकच्या दुमजली सुपरलायनर डब्यांत स्वतःच्या आसनाचे लेगरेस्ट आणि पुढच्या आसनामागचे फुटरेस्ट अशी दोन्ही असतात. जपानमध्ये २०११ साली ई-५ शिंकान्सेनवर सुरू झालेल्या ग्रानक्लास डब्यात केवळ १८ आसने असून त्यांची लेगरेस्ट विजेवर चालतात. त्याच वर्षी एअर न्यूझीलंडने सेवेत आणलेल्या स्कायकाउच या रचनेत इकॉनॉमी वर्गातील शेजारच्या तीन आसनांची लेगरेस्ट आसनांच्या पातळीपर्यंत उचलून सलग बिछाना करता येतो.

भूमिती : पाय गुडघ्यात वळतो, पण लेगरेस्टची बिजागरी गुडघ्याच्या सांध्याखाली, आसनाच्या कडेजवळ असते. दोन्हींचे केंद्र एक नसल्यामुळे लेगरेस्ट उचलताना गादी पोटरीवरून घसरते आणि कपडे व कातडी ओढली जाते. म्हणून चांगल्या रचनेत गादी वर येतानाच काही सेंमी. पुढेही सरकते. दुसरा संबंध पाठीशी आहे. मांडीमागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातात. पाठ उभी ठेवून पाय सरळ केले, तर हे स्नायू ताणले जातात, ओटीपोट मागे कलते आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. त्यामुळे पाठ जितकी कलेल त्या मानाने लेगरेस्ट उचलले जाणे हितकर असते. आधार पोटरीच्या मांसल भागाला मिळावा. फक्त टाच टेकली, तर गुडघ्यावर ताण येतो.

यंत्रणा व भार : गुडघ्याखालचा एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असतो. ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून सुमारे ८.५ किग्रॅ. होतात. आडव्या पायांचा हा भार बिजागरीपासून २५ सेंमी.वर धरला, तर तिच्यावर सुमारे २१ न्यूटन-मीटर पीळ येतो. परंतु तोच माणूस लेगरेस्टच्या ४० सेंमी. लांबीच्या टोकावर बसला, तर पीळ सुमारे २७५ न्यूटन-मीटर, म्हणजे तेरापट होतो. आसनांवर मुले चढतात आणि वरच्या फळीवरील सामान काढताना मोठी माणसेही लेगरेस्टवर पाय देतात. म्हणून बिजागरी, खटका आणि चौकट यांची ताकद अशा वापरावरून ठरवावी लागते. साध्या रचनेत दातेरी खटका असतो. सुधारित रचनेत हवे तिथे थांबणारी गॅस स्प्रिंग असते, तर महागड्या आसनात विद्युत मोटर असते. मोटर असल्यास मध्ये हात वा पाय आल्यावर ती थांबली पाहिजे आणि वीज गेल्यावर लेगरेस्ट हाताने मिटवता आले पाहिजे.

घडी व सुरक्षितता : या साधनाची खरी परीक्षा ते मिटलेले असताना होते. आणीबाणीत अंधारात व धुरात बाहेर पडणाऱ्याचा पाय कोठेही अडकू नये, यासाठी विमान उडताना व उतरताना लेगरेस्ट मिटलेले असावे लागते. स्प्रिंग असलेले फुटरेस्ट पाय काढताच आपोआप वर जाते, ही त्याची मोठी सोय. १९८८ पासूनच्या अमेरिकी नियमांनुसार नव्या रचनेच्या प्रवासी विमानांच्या आसनांची चाचणी गुरुत्वत्वरणाच्या १६ पट धक्क्यावर होते. मांडीच्या हाडावरील दाब सुमारे १०,००० न्यूटनच्या आत राहावा लागतो. अशा धक्क्यात पाय समोरच्या आसनाच्या पाठीवर आदळू शकतात, म्हणून तिच्यावरील फुटरेस्टची दांडी नडगीच्या रेषेत टोकदार असून चालत नाही. घडीच्या फटीत बोटे चेमटणे, धूळ व खाद्यकण साचणे हे रोजचे दोष आहेत. सुटी होणारी खोळ आणि झाडू पोहोचेल इतकी मोकळी जमीन असली की ते आटोक्यात राहतात.

भारतातील स्थिती : रात्रीच्या लांब पल्ल्याच्या सेमी-स्लीपर बसगाड्यांत लेगरेस्ट, तर रेल्वेच्या वातानुकूलित चेअर कारमध्ये फुटरेस्ट परिचित आहे. वंदे भारत गाड्यांच्या एक्झिक्युटिव्ह वर्गातील आणि मुंबई–पुणे, मुंबई–गोवा मार्गांवरील व्हिस्टाडोम डब्यांतील आसने फिरवता येतात. तेथे समोरच्या पाठीवरील फुटरेस्टचा उपयोग सर्व आसने एकाच दिशेला असतानाच होतो. समोरासमोर बसल्यास प्रत्येक आसनाला स्वतःचा आधार लागतो. सरासरी पुरुषाचे माप धरून केलेली एकाच उंचीची दांडी ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते त्यांच्यापर्यंतच पोहोचत नाही. निदान दोन उंचीवर थांबणारे, एका हाताने उघडणारे आणि वृद्धांनाही वाकल्यावाचून मिटवता येणारे फुटरेस्ट हे साध्या तिकिटाच्या आसनालाही परवडणारे असते. भारतीय रचनाकाराने सर्वप्रथम त्याचाच आग्रह धरायला हवा.