एक गाव, चार मूलद्रव्यं आणि 'शुद्ध' नावाची अडचण

आमच्या लॅबमध्ये एर्बियम ऑक्साइडची एक बाटली आहे. लेबलवर '९९.९ टक्के शुद्ध' असं छापलंय. त्या आकड्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. गेल्या वर्षी परिषदेसाठी स्टॉकहोमला गेले, तेव्हा एक दुपार काढून बसने यिटर्बीला जाऊन आले. तेव्हापासून तो आकडा डोक्यात आहे.

यिटर्बी हे रेसारो बेटावरचं चिमुकलं गाव. थोडी घरं, झाडी आणि एक बंद पडलेली खाण. यिट्रियम, टर्बियम, एर्बियम आणि यिटर्बियम या चारही मूलद्रव्यांची नावं या एका गावावरून आली आहेत.

खाण अर्थातच मूलद्रव्यं शोधायला खणलेली नव्हती. इथून क्वार्ट्ज निघायचा, आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी फेल्डस्पार. १७८७ मध्ये कार्ल आक्सेल अरेनियसला इथे एक काळा, जड दगड सापडला. (आपण शिकतो तो आयनवाला अरेनियस वेगळा.) हा लष्करी अधिकारी, पण रसायनशास्त्राचा नाद असलेला. त्याला वाटलं, यात टंगस्टन असेल. १७९४ मध्ये योहान गाडोलिनने दगडाचं विश्लेषण केलं, तर सुमारे ३८ टक्के भाग ओळखीच्या कशाशीच जुळेना. या नव्या ऑक्साइडला पुढे 'यिट्रिया' हे नाव मिळालं.

खरी गंमत इथून पुढे आहे. शुद्ध समजल्या गेलेल्या यिट्रियातून १८४३ मध्ये मोसांडरने तीन ऑक्साइड वेगळे केले: यिट्रिया, एर्बिया आणि टर्बिया. १८७८ मध्ये मारिन्याकला त्या एर्बियातून यिटर्बिया मिळाली. पुढच्याच वर्षी क्लेव्हने उरलेल्या एर्बियातून होल्मियम आणि थुलियम काढलं. १९०७ मध्ये उर्बेनने यिटर्बियमचेही दोन भाग केले. त्यातला एक म्हणजे ल्युटेशियम. मधल्या काळात एर्बियम-टर्बियमच्या नावांची अदलाबदल झाली, ती वेगळीच! मोसांडर ज्याला टर्बिया म्हणायचा, तो गुलाबी ऑक्साइड आज आमच्या बाटलीत एर्बियम म्हणून बसलाय.

ही माणसं निष्काळजी होती का? अजिबात नाही. या मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे, की ती वेगळी करायला तेच तेच स्फटिकीकरण असंख्य वेळा करावं लागे. आणि थांबायचं कधी, हे सांगणारी कसोटीच नव्हती. १९१३-१४ मध्ये मोस्लीने क्ष-किरण वर्णपटावरून अणुअंक ठरवण्याची रीत दिली, तेव्हा कुठे किती जागा रिकाम्या आहेत हे मोजता येऊ लागलं.

म्हणजे सव्वाशे वर्षं 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ एवढाच होता: आमच्या पद्धतीला अजून वेगळं काही दिसलेलं नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं, असं मला वाटतं. कारण माझ्याच एका क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात एक छोटा, नको असलेला पीक होता. शेजारी 'अशुद्धी' लिहून मी पुढे गेले होते. परत आल्यावर तो नमुना पुन्हा मोजायला काढलाय. निघेल बहुधा साधी अशुद्धीच. पण कसली, ते यावेळी लिहीन.