टॉगल क्लास्प: हातानं बनवलेलं ब्रेसलेट आपोआप का सुटतं? न सुटणारी कडी-दांडी कशी बनवायची?

गेल्या उन्हाळ्यात जळगावहून धुळ्याला एसटीनं निघाले होते. एरंडोल सोडलं तेव्हा हातात काचेच्या मण्यांचं ब्रेसलेट होतं. पारोळ्याला पाण्याची बाटली काढायला हात वर केला, तर मनगट मोकळं. नशिबानं ते सीटखाली सापडलं. दोरा तुटला नव्हता, मणी सांडले नव्हते. कडी शाबूत होती, दांडीही शाबूत होती. फक्त दोघी एकमेकींना सोडून मोकळ्या झाल्या होत्या.

असं तुमच्याबाबतीतही झालं असेल. हातानं दागिने बनवणाऱ्या कुणालाही विचारा, मण्यांच्या रंगाबद्दल तक्रारी कमी येतात, 'सुटून पडलं' ही तक्रार जास्त येते. आणि एकदा पडलेलं ब्रेसलेट प्रत्येकाला सीटखाली सापडत नाही.

टॉगल म्हणजे नेमकं काय?

एका टोकाला गोल कडी, दुसऱ्या टोकाला आडवी दांडी. दांडी उभी करून कडीतून पार करायची आणि सोडून द्यायची. ती आडवी होते आणि अडकते. स्प्रिंग नाही, पेच नाही. गाईच्या दाव्याला एका बाजूला फास आणि दुसऱ्या बाजूला मोठी गाठ असते, गाठ फासातून काढली की दावं बसतं. तत्त्व तेच, फक्त गाठीच्या जागी दांडी.

आता जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. सुभाष चौकातल्या सराफ बाजारात मग टॉगल दिसतं का? सोन्यात फारसं नाही. तिथं गळ्यातल्याला फासा किंवा एस आकाराचा आकडा असतो, कानातल्याला फिरकी, तोड्यांना मळसूत्राचा खिळा. ठुशीसारख्या दागिन्याला मागे पटवेकऱ्यानं विणलेला रेशमी गोंडा असतो, तो सरकवून लांबी कमी-जास्त करता येते. सोनं ग्रॅमवर विकलं जातं, आणि जे काम बारीक आकडा करतो त्यासाठी अख्खी कडी आणि दांडी घडवणं म्हणजे वजन वाया घालवणं. म्हणून टॉगलची खरी जागा चांदी, तांबं, पितळ आणि मण्यांच्या दागिन्यांत. एका हातानं लावता येतं, हीसुद्धा त्याची मोठी सोय. मनगटावर फासा एकट्यानं लावून बघा, म्हणजे कळेल.

मग ते सुटतं कशामुळे?

पहिलं कारण सगळ्यांना सुचतं: दांडी आखूड. कडीच्या आतल्या व्यासापेक्षा दांडी दोन्ही बाजूंना निदान ३ मिलिमीटर बाहेर यायला हवी. म्हणजे कडी आतून १२ मिमी असेल तर दांडी १८ मिमी. माझ्या ब्रेसलेटला घरी येऊन शाळेची मोजपट्टी लावली. कडी १४, दांडी १७. प्रत्येक बाजूला जेमतेम दीड मिलिमीटर.

दुसरं कारण सहसा नजरेतून सुटतं. दांडीला जिथं साखळी जोडलेली असते तो छोटा कान बरोबर मधोमध हवा. वरचंच उदाहरण घ्या. १८ मिमीच्या दांडीचा कान मध्यावर असेल तर दोन्ही हात ९-९ मिमीचे. कडीचा अर्धा व्यास ६, म्हणजे दोन्हीकडे ३ मिमीची पकड. आता कान फक्त ३ मिमी सरकला असं समजा. एक हात १२ मिमीचा, दुसरा ६ चा. त्या आखूड बाजूची पकड झाली शून्य. मोजलं तर दांडी पूर्ण १८ भरते, आणि तरी ती निसटते! माझ्या मते लांबीपेक्षा हे मधोमध असणंच जास्त महत्त्वाचं आहे, कारण लांबी डोळ्यांना दिसते, हे दिसत नाही.

तिसरं कारण दागिन्याच्या मापाचं. टॉगल बंद राहतं ते ताणामुळे. ताण गेला की दांडी पुन्हा उभी व्हायला मोकळी. पण गंमत अशी, की टॉगल लावायलाही ढील लागते, साधारण दांडीच्या निम्म्या लांबीइतकी. १८ मिमीच्या दांडीला जवळपास १ सेंटिमीटर. त्याहून कमी ढील ठेवली तर ब्रेसलेट लागणारच नाही, फार जास्त ठेवली तर हात टेबलावर टेकवताच सुटेल. म्हणून मनगटाचं माप घेऊन त्यात साधारण सेंटिमीटरभर मिळवायचा, आणि एकूण लांबी मोजताना कडी-दांडीही धरायची. गळ्यातल्याला हा त्रास कमी, कारण लटकत्या मण्यांचं वजन सतत ताण देतं. अगदी हलकी माळ असेल तर मात्र तिथंही टॉगल नको.

लागतच नसेल तर?

ही उलटी तक्रार. मापं बरोबर, तरी दांडी कडीतून जात नाही. अशा वेळी दांडीच्या शेजारचा मणी बघा. दांडी पार करताना तिचा अर्धा भाग माळेला चिकटून आडवा पडतो, म्हणजे कडीतून दांडी आणि शेजारचा मणी एकदमच जायला बघतात. तिथं १० मिमीचा टपोरा मणी ओवला असेल तर १२ च्या कडीत दोघं कसे मावणार? दांडीच्या निम्म्या लांबीइतका, म्हणजे इथं ९-१० मिमीचा, पहिला भाग बारीक ठेवायचा: दोन-तीन साखळीचे दुवे किंवा अगदी छोटे मणी. मोठे मणी त्याच्या पुढे. डिझाइनच्या नादात इथं तडजोड केली, की मग लोक जोर लावून कडी वाकडी करतात.

घरी बनवायचं कसं?

तार तांब्याची घ्या, शिकायला तीच बरी. खानदेशात ती शोधायला लांब जावं लागत नाही. केळीच्या बागा, विहिरी आणि बोअर, त्यामुळे मोटार रिवाइंडिंगची दुकानं सगळीकडे. तिथं वजनावर तार मिळते. फक्त तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो जाळून काढू नका, धूर वाईट असतो. पॉलिश पेपरनं घासून काढा.

जाडीचा एक घोटाळा आधीच सांगते. आपल्याकडे दुकानात तार बहुधा एसडब्ल्यूजी गेजमध्ये सांगतात: १६ गेज सुमारे १.६३ मिमी, १८ गेज १.२२, २० गेज ०.९१. अमेरिकन व्हिडिओंत मात्र एडब्ल्यूजी असतं, त्यात १६ गेज म्हणजे १.२९ मिमी. व्हिडिओ बघून '१६ द्या' म्हटलं तर हातात जाडच तार पडेल. कडी-दांडीला आपली १६ चांगली. २० गेजची कडी बोटांनीही वाकते.

आधी कडी बनवायची, दांडी नंतर. हा क्रम चुकवू नका. १२ मिमी जाडीच्या मार्करवर किंवा नळीवर तार गुंडाळा, जुळणाऱ्या ठिकाणी कापा. सरळ तारेतून कापणार असाल तर ४३ मिमी लागते, कारण घेर तारेच्या मध्यातून धरावा लागतो: १२ अधिक १.६, गुणिले ३.१४. टोकं एकमेकांना घट्ट भिडली पाहिजेत. फट राहिली तर साखळीचा दुवा त्या फटीतूनच निघून जातो. शक्य असेल तर ओळखीच्या सोनारकाकांकडून तिथं डाख लावून घ्या. पण तापवलं की तांबं मऊ पडतं, म्हणून डाख लावल्यावर ऐरणीवर हलके ठोके द्यायचे, त्यानं ते पुन्हा कडक होतं. ठोकलं की कडी पसरते, १२ ची साडेबारा-तेरा होते. दांडी आधीच कापून ठेवली असेल तर सगळं माप गेलं.

म्हणून ठोकलेल्या कडीचा आतला व्यास आता पुन्हा मोजा, त्यात ६ मिळवा, ती दांडीची लांबी. तिच्यासाठी तार सढळ घ्या, ४० मिमी तरी. गोल तोंडाच्या पकडीनं बरोबर मध्यावर एक पूर्ण वेढा घाला, तोच कान. २ मिमीच्या कानात ११ मिमी तार खर्च होते. मग दोन्ही हात एका रेषेत सरळ करा आणि *कानापासून* दोन्हीकडे सारखं मोजून जादा तार कापा. टोकापासून मोजाल तर कान हमखास एका बाजूला जाणार. शेवटी टोकं कानशीनं गोल करा. ही टोकं साडीचे धागे ओढतात, ओढणी अडकवतात, आणि त्या ओढाताणीत दांडीही उभी होते. ब्रेसलेटसाठी दांडीला मनगटाच्या दिशेनं किंचित बाक दिला तर ती बोचत नाही.

बनवून झालं की लावा, हात खाली सोडून जोरात झटका, मग टेबलावर मनगट टेकवून दोन-चार ओळी लिहा. झटक्यात टिकलेलं टॉगल लिहिताना सुटू शकतं.

जळगावच्या मे महिन्यातल्या घामात तांबं त्वचेवर हिरवट डाग पाडतं, ते चिंचेनं निघतात. आणि झोपतानाही न काढायचा दागिना, म्हणजे मंगळपोत वगैरे, टॉगलवर सोडू नका. कुशीवर वळलं की ताण जातोच.

विकत घेतलेलं सैल असेल तर?

दागिना टाकायची गरज नाही. फक्त दांडी बदला. तेवढंही जमत नसेल तर कडीजवळ आणि दांडीजवळ एकेक जादा दुवा घालून त्यात ४-५ सेंटिमीटरची बारीक साखळी लावा. सोन्याच्या तोड्यांना असते तशी. टॉगल सुटलं तरी दागिना हातातच लटकतो. मी माझ्या ब्रेसलेटला तांब्याची नवी २० मिमीची दांडी लावली आणि वर साखळीही. रंग जुळत नाही, पण परतीच्या प्रवासात ते धुळ्यापासून जळगावपर्यंत हातातच होतं.